समोर बडा तालाब, हातात कोणती लेन्स?

मंडळी, कोजागिरीला आपल्या मंडळाच्या गच्चीवर दूध आटत असताना एका काकूंनी मला बाजूला घेतलं आणि विचारलं, "अरे, तू ते कॅमेऱ्याचं लिहितोस ना? मग मला एक सांग, पन्नास हजारांची लेन्स घेऊ की नको?"

प्रश्न साधा नव्हता. काका-काकू तुळशीच्या लग्नानंतर पुण्याला मुलाकडे कायमचे राहायला जाणार आहेत. भोपाळमधलं घर विकलं. सामानाची वाटणीही झाली आहे, काय न्यायचं, काय कुणाला द्यायचं. पण काकूंना एक गोष्ट बरोबर न्यायची आहे आणि ती पॅकर्सच्या खोक्यात मावत नाही : बडा तालाब. व्हीआयपी रोडवर कित्येक वर्षं संध्याकाळी दोघं फिरायला जातात. तिथून दिसणारं पाणी, पलीकडची श्यामला हिल्सची रांग, मधलं तकिया टापू, हे सगळं एका मोठ्या फोटोत मावून पुण्याच्या बैठकीत सोफ्याच्या वर लागावं, एवढीच इच्छा. कॅमेरा घरात होताच. निवृत्तीच्या वेळी घेतलेला, २४ मेगापिक्सेलचा, सोबत मिळालेली १८-५५ची लेन्स. भाच्याचं म्हणणं असं की, "मावशी, लँडस्केपसाठी वाइड अँगलच लागते. १०-२० घे. या किट लेन्सने काही होणार नाही."

भाचा हुशार आहे, आणि तो जे म्हणतो ते दहापैकी नऊ जण म्हणतील. दुकानदार तर म्हणेलच. मी स्वतः काही वर्षांपूर्वी याच समजुतीपोटी रुंद लेन्स घेतली होती आणि पहिल्याच रविवारी बोट क्लबला पोहे-जलेबी खाऊन मोठ्या उत्साहाने तालाबाचे साठ-सत्तर फोटो काढले होते. घरी येऊन पाहिलं तर वरच्या अर्ध्यात रिकामं आकाश, खालच्या अर्ध्यात रिकामं पाणी आणि मधोमध पेन्सिलीने ओढल्यासारखी एक काळी रेघ. ती रेघ म्हणजे श्यामला हिल्स! ज्या टेकडीवर भारत भवन आहे, मानव संग्रहालय आहे, चढताना माझा दम निघतो, ती टेकडी.

असं का होतं, ते एकदा समजून घेतलं की लेन्सचा निम्मा प्रश्न सुटतो. हिशेब सोपा आहे. काकूंच्या कॅमेऱ्यासारख्या एपीएस-सी सेन्सरची रुंदी साधारण २३.५ मिलिमीटर असते. समजा, तुमच्यापासून १ किलोमीटरवर १०० मीटर रुंदीची एखादी गोष्ट आहे. ती सेन्सरवर किती मिलिमीटरची उमटेल? फोकल लेंथला दहाने भागा. १० मिमीच्या लेन्सवर १ मिलिमीटर, १८वर १.८, ५०वर ५, २००वर २० मिलिमीटर. आता ३० इंच रुंदीची प्रिंट काढली, तर १० मिमीने टिपलेली ती शंभर मीटरची गोष्ट भिंतीवर जेमतेम सव्वा इंचाची दिसेल. ५० मिमीने टिपली तर सहा इंचांहून थोडी जास्त. सोफ्यावरच्या चित्रातलं सव्वा इंचाचं तकिया टापू पाहुण्यांना बोट लावून दाखवावं लागेल.

"पण मग कापून घेऊ ना," असं भाचा लगेच म्हणाला. सगळेच म्हणतात. कापता येतं, पण त्याची किंमत असते. १८ मिमीचा फोटो कापून ५५ मिमीएवढा भाग ठेवला तर क्षेत्रफळाने नववा-दहावा हिस्साच उरतो. २४ मेगापिक्सेलमधले अडीच शिल्लक. मोबाईलवर छान दिसेल, पण नीट प्रिंट काढायची तर दहा इंचांच्या पुढे जायची सोय नाही.

आता कुणी म्हणेल, मग निसर्गदृश्यासाठी रुंद लेन्स लागते हे लोक उगाच म्हणतात का? नाही, उगाच नाही. रुंद लेन्स दूरचं लहान करते, पण जवळचं मोठं करून दाखवते. तिला समोर, अगदी पायाशी, काहीतरी लागतं. आपल्याच आसपास तिच्या कामाच्या दोन जागा आहेत. एक भोजपूर. राजा भोजाच्या नावाचं ते अपुरं राहिलेलं शिवमंदिर सगळ्यांनी पाहिलं असेल. पण मंदिराभोवतीच्या खडकावर हजार वर्षांपूर्वीच्या कारागिरांनी कोरून ठेवलेले मंदिराच्या भागांचे आराखडे किती जण बघतात? संध्याकाळच्या तिरप्या उन्हात खडकावरची ती रेघ एक-दीड मीटरवर आणि मागे मंदिर, असा फोटो घ्यायचा तर रुंद लेन्सच हवी. आणि गाभाऱ्यात त्या प्रचंड शिवलिंगासमोर उभं राहिलात की मागे सरकायला जागाच नसते, तिथे तर दुसरा इलाज नाही.

दुसरी जागा भीमबेटका. विष्णु श्रीधर वाकणकरांना १९५७ मध्ये आगगाडीतून जाताना ते खडक दिसले आणि तिथे गेल्यावर चित्रांनी भरलेल्या गुहा सापडल्या, ही गोष्ट आपल्याकडच्या मराठी घरांत अभिमानाने सांगितली जाते, आणि सांगावीच. २००३ मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारसा म्हटलं. त्या खडकांच्या छताखाली उभं राहून छत, भिंत आणि बाहेरचं जंगल एकत्र घ्यायचं असेल तर १८ मिमीसुद्धा अपुरी पडते. (फ्लॅश मात्र बंद ठेवा. चित्रांसाठीही आणि फोटोसाठीही.)

तालाबाचं दृश्य तसं नाही. समोर कठडा, मग पाणी आणि जे बघायचं ते सगळं दूर. शिवाय तालाब आडवा पसरलेला आहे. आपल्याला रुंदी हवी, उंची नको. रुंद लेन्स मात्र आडवी वाढते तशी वर-खालीही वाढते आणि तिथे तिच्याजवळ आकाश आणि पाणी यांखेरीज भरायला काही नसतं. श्रावणात ढग दाटून आले असतील तर गोष्ट वेगळी. तेव्हा आकाश हाच विषय असतो. पण कोजागिरीनंतरचं आपलं आकाश धुतलेल्या ताटासारखं.

सूर्यास्ताचीही हीच गंमत. फोटोत सूर्याचं बिंब किती मोठं येईल, हे ठरवायला एक ठोकताळा आहे : सेन्सरवर ते फोकल लेंथच्या साधारण शंभराव्या भागाएवढं उमटतं. १८ मिमीवर पाव मिलिमीटरही नाही, नुसता ठिपका. २००वर जवळपास दोन मिलिमीटर, म्हणजे फोटोच्या रुंदीचा बारावा भाग. मासिकांत पाण्यावर टेकलेला परातीएवढा सूर्य दिसतो तो लांब पल्ल्याच्या लेन्सचा असतो, रुंदचा नव्हे. (अशी लेन्स लावून आरशाच्या कॅमेऱ्याच्या खिडकीतून सूर्याकडे थेट पाहू नका, डोळ्याला इजा होते. मागच्या पडद्यावर पाहा.) आणि जागा ठरवताना महिनाही धरा. भोपाळला जूनमध्ये सूर्य पश्चिमेच्या बराच उत्तरेला मावळतो, डिसेंबरमध्ये तेवढाच दक्षिणेला. दोन टोकांमध्ये सुमारे ५० अंशांचा फरक पडतो. उन्हाळ्यात हेरून ठेवलेली चौकट थंडीत कामाला येत नाही.

भाच्याला हे पटेना, तेव्हा मी त्याला अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सचं उदाहरण दिलं. अमेरिकेतल्या या माणसाच्या नावाशिवाय निसर्गछायाचित्रणाची गोष्ट पुरी होत नाही. 'मूनराइज, हर्नांडेझ' हा त्याचा बहुधा सर्वांत प्रसिद्ध फोटो, १९४१चा. खाली छोटं गाव, कबरीवरचे पांढरे क्रूस, मागे बर्फाचे डोंगर, वर चंद्र. एवढं मोठं दृश्य! पण तो घेतला २३ इंची लेन्सने, आठ बाय दहा इंचांच्या फिल्मवर. आपल्या एपीएस-सी कॅमेऱ्याच्या भाषेत सांगायचं तर ती सुमारे ५० मिमी होते. म्हणजे काकूंच्या किट लेन्सचं दुसरं टोक. भाचा थोडा गप्प झाला.

तरी माझ्या किंवा अ‍ॅडम्सच्या सांगण्यावरून कुणी लेन्स घेऊ नये आणि सोडूही नये. आपल्याला काय हवं आहे ते आपण तपासावं. त्यासाठी मी काकूंना तीन कामं सांगितली, तिन्ही बिनपैशाची.

पहिलं, मोबाईल. बऱ्याच फोनमध्ये ०.५ असं बटण असतं. त्यातून दिसणारी चौकट काकूंच्या कॅमेऱ्यावरच्या ८-९ मिमीच्या जवळची असते, आणि १ या बटणाची १६-१७ मिमीच्या. म्हणजे पन्नास हजारांच्या लेन्समधून जे दिसणार, त्याचा अंदाज खिशातच आहे. काकूंनी व्हीआयपी रोडवर ०.५ दाबलं आणि पहिलं वाक्य काय म्हणाल्या, तर "अगंबाई, तालाब कुठे गेला?"

दुसरं, जुने फोटो. संगणकावर कुठल्याही फोटोची माहिती उघडली की तो किती मिमीवर घेतला ते दिसतं. काकूंचे आवडते तीसेक फोटो आम्ही दोघांनी बसून पाहिले. सांची, हलाली धरण, पचमढी, नातवाचा वाढदिवस. १८वर घेतलेले चारच निघाले आणि त्यातले दोन घरातले. बाकी बहुतेक ४० ते ५५च्या मधले. काकूंचा डोळा मुळातच निवडून बघणारा आहे. काही जणांचे फोटो तपासले की सगळे १८वर अडलेले असतात, त्यांना अजून मागे जायचं असतं. अशांनी रुंद लेन्स खुशाल घ्यावी.

तिसरं काम मला सगळ्यांत आवडतं, मुलांनाही करायला द्या. जुन्या लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा घ्या. त्यात ९४ बाय ६२ मिलिमीटरची खिडकी कापा. ही सेन्सरच्या चौपट आहे. आता ज्या लेन्सचा विचार आहे तिच्या फोकल लेंथच्या चौपट अंतरावर ती डोळ्यासमोर धरा आणि एका डोळ्याने बघा. १८साठी ७ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ नाकाला लावून. ५०साठी २० सेंटिमीटर. १००साठी ४०. १३५साठी ५४, म्हणजे हात बऱ्यापैकी लांब करून. जे खिडकीत दिसतं तेच फोटोत येणार. काकूंनी मोजपट्टीऐवजी दोऱ्याला गाठी मारल्या. शाळेत भूमिती शिकवल्याचा परिणाम.

व्हीआयपी रोडवर त्या अर्धा तास ही पत्रिका घेऊन उभ्या होत्या. येणारे-जाणारे थांबून बघत होते. काका थर्मास घेऊन कठड्याशी बसले होते आणि एकाला हिंदीत समजावत होते की हे सूर्यग्रहणाचं काही नाही. शेवटी काकूंनी सांगितलं, "उंची मला वीस सेंटिमीटरवाली बरोबर वाटते. पण रुंदी कमी पडते. श्यामला हिल्स आलं की टापू जातं, टापू आलं की श्यामला हिल्स अर्धं."

त्यांना ५० मिमीची उंची हवी होती आणि रुंद लेन्सची रुंदी. अशी लेन्स मिळत नाही, पण असा फोटो मिळतो. कॅमेरा उभा धरून ५० मिमीवर एक फोटो साधारण १८ अंश रुंदीचा येतो. प्रत्येक पुढचा फोटो मागच्यावर एक तृतीयांश चढवायचा. असे सहा घेतले की सुमारे ७५ अंश होतात, आठ घेतले की १००. आठमध्ये तर भाच्याच्या १० मिमीएवढी रुंदी झाली आणि शिवाय प्रत्येक फोटो पूर्ण २४ मेगापिक्सेलचा. मग संगणकावर ते जोडायचे. जोडणारी फुकटची साधनंही आहेत.

यात चुका करायला भरपूर वाव आहे, त्या मी सगळ्या केलेल्या आहेत. म्हणून सांगतो. ट्रायपॉड समपातळीत नसेल तर पाणी जिन्यासारखं उतरत जातं. एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स ऑटोवर राहिले तर आकाशाला उभे पट्टे पडतात, दोन्ही हाताने पक्के करायचे. फोकस एकदा पलीकडच्या काठावर लावून ऑटोफोकस बंद करायचा. कठडा चौकटीत येऊ द्यायचा नाही, कारण जवळची वस्तू कॅमेरा फिरवताना जागा बदलते आणि जोड तुटतो. आणि मधून होडी जात असेल तर ती जाऊ द्यावी. माझ्या एका फोटोत एकच नाव तीनदा आहे.

अ‍ॅपर्चर एफ/८. खूप जण निसर्गदृश्य म्हटलं की एफ/२२ लावतात. एवढ्या बारीक छिद्रातून प्रकाश पसरतो आणि सगळा फोटो मऊ पडतो. आणि गरजही नसते. १८ मिमीवर एफ/८ला दोन मीटरच्या थोडं पुढे फोकस लावला तर १ मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं. ५०-५५ला हेच अंतर १६ ते २० मीटरपर्यंत जातं, पण तालाबावर तेवढ्या अंतरात पाण्याशिवाय काही नाही. किट लेन्स मऊ असते अशी तक्रार ऐकू येते, तीही बहुतेक वेळा पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरवरची किंवा हललेल्या हाताची असते. एफ/८वर, ट्रायपॉडवर, तिच्यात आणि महागड्या लेन्समध्ये फरक शोधायला भिंग लागतं.

तरीही एखादी लेन्स घ्यायचीच असेल तर? भोपाळमध्ये राहणाऱ्याला माझा सल्ला आधी ५५-२५० किंवा ७०-३०० अशा लांब झूमचा. त्याने रायसेनचा किल्ला रस्त्यावरून जवळ येतो, सांचीचा स्तूप झाडांच्या वर उचलला जातो आणि थंडीत तालाबावर येणारे पक्षीही मिळतात. आपला तालाब २००२ पासून रामसर यादीत आहे तो उगाच नाही. फक्त एप्रिल-मेमध्ये दुपारी ती बाहेर काढू नका. हवेतली धूळ आणि तापलेल्या जमिनीची थरथर लांब लेन्समध्ये सगळी दिसते. पुण्याला गेल्यावर मात्र काकूंचा हिशेब बदलेल. सह्याद्रीत कड्याच्या टोकावर उभं राहायचं, कासच्या पठारावर गुडघे टेकून फुलं एक वितीवर घ्यायची आणि मागे ढग, तिथे रुंद लेन्स शोभते. तेव्हा घ्यावी, आत्ता नाही.

जुनी लेन्स घेणाऱ्यांसाठी एक वाक्य : विकत घेण्याआधी मागून मोबाईलची बॅटरी मारून आत बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे, परत ठेवा. आपल्या पावसाळ्यात कपाटात बंद ठेवलेल्या लेन्सना हे होतं.

तर काकूंनी पन्नास हजार खर्च केले नाहीत. एक चांगला जड ट्रायपॉड घेतला (काकांनी उचलून पाहिला आणि माझ्याकडे बघितलं). मागच्या गुरुवारी आम्ही चौघं गेलो. सूर्य बुडेपर्यंत कॅमेऱ्याला हात लावू दिला नाही, कारण उजवीकडे लख्ख आणि डावीकडे अंधार अशा वेळी सहा फोटो एका एक्स्पोजरमध्ये बसत नाहीत. बुडाल्यावर पंधरा मिनिटांनी दोन्हीकडचा उजेड सारखा झाला, आकाश जांभळं, पलीकडे दिवे लागायला सुरुवात. आयएसओ १००, एफ/८, दीड सेकंद. काकूंनी स्वतः एकेक करून सहा फोटो घेतले, दोन खेपा. पहिल्या खेपेत तिसऱ्या फोटोच्या वेळी एका मोटारसायकलवाल्याने हॉर्न दिला आणि त्यांनी दचकून ट्रायपॉड हलवला. दुसरी खेप चांगली आली.

जोडून, कडा कापून ५४ बाय २० इंचांची प्रिंट निघेल असा हिशेब आला. भाच्याने पुण्याला फोन लावून भिंत मोजायला सांगितली. सोफ्याच्या वर, स्विचबोर्ड सोडून, जागा निघाली ४८ इंच. आता सहा इंच कुठून काढायचे यावर घरात दोन दिवस चर्चा चालू आहे. डावीकडून काढले तर टेकडीचं टोक जातं, उजवीकडून काढले तर पाणी. काकांचं मत, स्विचबोर्ड हलवावा.

पुढच्या महिन्यात ट्रायपॉडबद्दल. पुठ्ठ्याची खिडकी कुणी करून पाहिली तर मंडळाच्या गटावर फोटो जरूर टाका.